डब्यावाल्या बाई आणि कांताची तूर

मंदाकिनी प्रधान कुणाला घाबरली, असं डोंबिवलीत कुणी पाहिलेलं नाही. मानपाडा रोडवरच्या तिच्या सोसायटीत पाण्याचा टँकर उशिरा आला, तर टँकरवाला आधी तिची खिडकी उघडी आहे का ते बघायचा आणि मगच हॉर्न वाजवायचा. अशी बाई सत्तरी ओलांडल्यावर एका सकाळी स्वतःच्याच घरात, बेडरूमचं दार आतून लावून, श्वाससुद्धा बेताने घेत बसली. बाहेर हॉलमध्ये पाहुणी बसलेली. ती एकदाची जावी म्हणून ही आत देवाला हात जोडत होती.

असं का झालं ते सांगायचं, तर सुरुवात डाळीपासून करून चालणार नाही. जहाजापासून करावी लागेल.

मंदाकिनीचं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळ. वडील रेल्वेत कारकून, खाणारी तोंडं बरीच. तिच्या लहानपणी रेशनवर गहू यायचा तो अमेरिकेचा. ती मोठी झाली तेव्हा मोठा दुष्काळ पडला आणि लाल मिलो ज्वारी आली, तीही तिकडचीच. भाकरी थापायला घेतली की परातीतच तिला भेगा पडायच्या, आणि आई म्हणायची, "खा, समुद्र ओलांडून आलीय बिचारी." लग्न होऊन ती डोंबिवलीला आली तेव्हा रेशनच्या रांगेत पामतेल. थंडीत ते डब्यात गोठून बसायचं, चमच्याने खरवडून कढईत टाकावं लागायचं. त्यामुळे तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. घरातलं संपलं की जहाज येतं. धान्य शेतात पिकतं हे तिने पुस्तकात वाचलेलं, पण जहाज तिने खाल्लेलं होतं.

नवरा त्र्यंबकराव बँकेत. पुढे केव्हातरी त्यांच्या मित्रांत डंकेल प्रस्ताव म्हणून एक वाद सुरू झाला. जगाला बाजार खुला करायचा, का आपल्या शेतमालाला कराचं कुंपण घालायचं. रविवार-रविवार तो चालला. डंकेल कोण हे मंदाकिनीने कधी विचारलं नाही, पण त्याच्यापायी तिच्या घरातलं चहा-साखरेचं गणित पार बिघडलं, एवढं तिला आठवतं. कुंपणवाले आणि खुलेवाले दोघेही जाताना "वहिनी, चहा फक्कड" म्हणायचे. वाद मिटला नाही, मित्र म्हातारे झाले.

मंदाकिनीचं राज्य होतं ते खाली, पार्किंगमध्ये. सोसायटीतल्या घरांचा ग्राहक गट तिने उभा केलेला. महिन्यातून एकदा किराणा मालाची पोती यायची. पार्किंगमध्ये सतरंज्या घालायच्या, एकीने मापायचं, दुसरीने पिशव्या बांधायच्या, आणि भिंतीलगत एकेका घराचा ढीग लावायचा. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. पाळी चुकवली तर मंदाकिनी काही बोलायची नाही, फक्त त्या घराचा ढीग सगळ्यांत शेवटी लावायची. असा गट चालवायला शिस्त लागते आणि थोडी दांडगाईही लागते. तिच्याकडे दुसरी जरा जास्तच होती.

मग तुरीची डाळ दोनशेला टेकली ते वर्ष आलं. आठवत असेल तुम्हाला, वरणाचं पाणी झालेलं घराघरांत. मंदाकिनीने गटातल्या बायकांना घेऊन कल्याणला तहसील कचेरीवर मोर्चा नेला. प्रत्येकीच्या हातात डाळीचा रिकामा डबा आणि पळी. मंदाकिनीचा डबा सगळ्यांत मोठा, पितळी, तिच्या सासूचा. चॅनेलवाल्याने माईक पुढे केला, आणि ती डब्यावर पळी हाणत बोलली, "कर माफ करा, परदेशातून आणा, कुठूनही आणा, पण आमच्या ताटात डाळ आणा!" ते सबंध दिवस टीव्हीवर दाखवत होते. मुलगा सलिल ऑफिसातून फोन करून म्हणाला, "आई, तू व्हायरल झालीस." तिला आधी वाटलं ताप आलाय म्हणतोय.

जहाजं आली. डाळ उतरली. मंदाकिनीने पेढे वाटले.

पण दोनशेचा भाव बघून गावोगावी तूरही पेरलेली, ती त्याच सुमाराला तयार झाली, आणि पाऊसही भरपूर झालेला. पुढच्या वर्षी भाव कोसळला आणि पेपरात फोटो आला. खरेदी केंद्राबाहेर पोत्यांची रांग, इतकी लांब की फोटोत शेवट दिसत नव्हता, आणि पोत्यांच्या सावलीला झोपलेली माणसं. मंदाकिनीने तो फोटो पाहिला. आणि पान उलटलं. मागच्या पानावर राशिभविष्य होतं, ते तिने दोनदा वाचलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मधल्या काळात सरकारने बाहेरच्या डाळीवर कर लावला, मग काढला, गॅसचं बटण लहान-मोठं करतो तसं. आणि मागच्याच्या मागच्या दिवाळीआधी डोंबिवलीत बचत गटांचं प्रदर्शन भरलं. पापड, कुरडया, गोधड्या. एका टेबलापाशी मंदाकिनी थांबली. तुरीची डाळ ठेवलेली, बिनपॉलिशची, जराशी मळकट पिवळी. टेबलामागे चाळिशीतली एक काटक बाई. तिने मंदाकिनीकडे टक लावून पाहिलं.

"तुम्ही त्या टीव्हीवरच्या बाई नं? डब्यावाल्या?"

मंदाकिनीला आधी अभिमानच वाटला. "हो, मीच. अजून लक्षात आहे तुमच्या?"

"राहीन नाही त काय. आमच्या सासूनं तुमाले लय शिव्या देल्या होत्या." बाई हसत होती. "लय म्हणजे लय. टीव्ही बंद केला तरी देतच होती."

ही कांता. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडकडची. तिच्या बायकांच्या गटाने छोटी दालमिल घेतलेली, स्वतःच्या तुरीची स्वतःच डाळ करायच्या. मंदाकिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो पेपरातला फोटो, इतक्या वर्षांनी, जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला. ती काहीतरी बोलायला गेली, तर कांताच म्हणाली, "जाऊ द्या. तुमचंही बरोबरच होतं म्हणा. लेकरं काय उपाशी ठेवान?"

शिवी दिली असती तर मंदाकिनीने उलट दिली असती, मोकळी झाली असती. हे समजून घेणं तिला सोसेना. तिने कांताला घरी फराळाला बोलावलं. खुर्चीत बसवलं, कुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. आणि ओटी भरता भरता बोलून गेली, "आजपासून तू या घरची माहेरवाशीण. यंदा आमच्या सगळ्या बिल्डिंगची वर्षाची तूरडाळ तुझ्याकडून. माझा शब्द."

सून हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या भुवया वर गेल्या. कांताने नारळ पदरात सांभाळत विचारलं, "सगळ्या बिल्डिंगची? विचारलं तुम्ही सगळ्याईले?"

"विचारायचं काय त्यात? मी सांगते म्हणजे झालं."

आता बघा, ओटीत तांदूळ घालतात, नारळ घालतात, सुपारी घालतात. दुसऱ्यांच्या घरची डाळ कुणी घालत नाही. पण मंदाकिनीला त्या दिवशी कसंही करून तो डब्याचा आवाज बंद करायचा होता.

संक्रांत झाली आणि तुरीचे भाव पडायला लागले. इकडे नवीन पीक आलेलं, तिकडे बाहेरच्या तुरीला बिनकराची मुदत सरकारने आणखी वाढवून दिलेली. त्र्यंबकरावांनी पेपर वाचून दाखवला. मंदाकिनी म्हणाली, "हळू वाचा." जसं काही हळू वाचलं तर भाव पडायचे थांबणार होते.

पुढच्या वाटपाला तिने पार्किंगमध्ये विषय काढला. चौथ्या मजल्यावरची आसावरी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावूनच आलेली. ती म्हणाली, "काकू, सॉरी हं, पण बाहेर इतकी स्वस्त झालीय. मी तर ॲपवरून मागवते, दहा मिनिटांत दारात येते."

"अगं, पण शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय ना काकू. आम्ही कुठे दिलेला?"

सरोज तिच्या बरोबरीची, समोरच्या दारातली, जिभेला हाड नसलेली. ती पिशवीला गाठ मारत म्हणाली, "मंदे, मोर्चात तूच ओरडलीस ना स्वस्त आणा म्हणून? आली की स्वस्त. आता घेऊ नका म्हणतेस होय?"

बायका हसल्या. मंदाकिनीही हसली. घरी येऊन तिने देवाची भांडी घासायला काढली. घासायचा वार नव्हता.

त्याच दिवशी कांताला फोन करायला हवा होता, हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशीही कळत होतं. ती नंबर लावायची आणि पहिली रिंग जायच्या आत कापायची. कांता मात्र उत्साहाने फोटो पाठवत होती. तूर उन्हात घातलेली. मिलभोवती उभ्या असलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका. पोती शिवणारी एक म्हातारी, ती बहुधा शिव्या देणारी सासू. आणि मंदाकिनी काय उत्तर द्यायची? गुलाबाची फुलं. जोडलेले हात. 'आपला दिवस आनंदात जावो.' कांता त्या फुलांचा अर्थ होकार असाच लावत होती, आणि दुसरा कुठला लावणार होती ती? एकदा तर मंदाकिनीने बोलून संदेश केला, "कांता, जरा अडचण आहे," आणि पाठवायच्या आधी पुसून त्या जागी समईचं चित्र टाकलं.

होळी झाल्यावर एका सकाळी कांताचा निरोप आला. 'टेम्पो घेऊन निघालो. शिळफाटा आला.'

मंदाकिनी पोहे परतत होती. कालथा तसाच कढईत टाकून ती हेमांगीकडे वळली. "ती आली की सांग, आई खडवलीला गेल्यात. भाचीकडे."

"आई, मी नाही खोटं बोलणार हं."

"खोटं कुठे? मी मनाने कालपासून खडवलीलाच आहे."

"आई!"

"हेमांगी, पाया पडू का तुझ्या?" मंदाकिनी म्हणाली. हे ती अशा आवाजात म्हणाली की हेमांगीने नुसता गॅस बारीक केला. सासूचा असा आवाज तिने लग्नानंतर कधी ऐकला नव्हता.

तर अशी ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

कांता आली. हेमांगीने पाणी दिलं, पोहे दिले, आणि खडवलीचं वाक्य एका दमात, जमिनीकडे बघत म्हणून टाकलं. कांता म्हणाली, "असं काय? मग थांबतो मी. येतीन नं दुपारपर्यंत." आणि ती सोफ्यावर बसली. हॉलमध्ये त्र्यंबकराव पेपर घेऊन अडकले. त्यांना बायकोने आत जाताना फक्त डोळे वटारून दाखवलेले, त्यामुळे काय बोलायचं नाही ते त्यांना कळलेलं, पण काय बोलायचं ते कळेना. मग त्यांना जे येत होतं तेच ते बोलले. जागतिक व्यापार.

आत मंदाकिनीला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"म्हणजे असं बघा, कांताबाई. डाळ महाग झाली की शहरातले ओरडतात, सरकार आयातीवरचा कर काढतं. डाळ पडली की गावातले ओरडतात, सरकार कर लावतं. फरक एवढाच, की काढायला एक दिवस पुरतो आणि लावायला दोन हंगाम जातात."

"शहरातल्याचं ओरडणं लवकर ऐकू जाते म्हणा की."

"तसं... हो. तसंच आहे ते."

"काका, ते डाळीचं जहाज लागते कुठं?"

"न्हावाशेवाला. इथून जवळच, खाडीपलीकडे."

"आणि आम्ही काल सांजच्याले निघालो. आत्ता पोचलो." कांता हसली. "म्हणजे परदेशच तुमाले जवळ पडते, काका. आम्हीच लांबचे हाओ."

त्र्यंबकरावांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. आत मंदाकिनीने उशी मांडीवर घेतली आणि घट्ट धरली. आता उठावं, दार उघडावं, असं तिला वाटलं. पण उघडून म्हणायचं काय? इतका वेळ आत काय करत होते? जितका वेळ जात होता तितकं दार जड होत होतं.

मग कांता म्हणाली, "थांबा, मीच लावतो त्याईले फोन. केव्हा येता ते विचारतो."

मंदाकिनीला समजायच्या आत तिच्या उशाशी टाळमृदंगाचा गजर सुरू झाला. सलिलने तिला ऐकू यावा म्हणून आवाज पुरता वाढवून दिलेला. तिने फोन हातात घेतला, तो हातातून सुटला, पलंगाच्या आणि भिंतीच्या फटीत गेला, आणि तिथून तर देवळातून यावा तसा घुमायला लागला. ती पालथी पडून फटीत हात घालत होती आणि गजर चालू होता.

हॉलमध्ये त्र्यंबकराव खोकले, पण गजरापुढे त्यांचं खोकणं कुठे पुरणार?

गजर थांबला. कांताने फोन कापलेला. आणि तिचा आवाज आला, अगदी साधा, नेहमीसारखा.

"लागत नाई. खडवलीले रेंज नसन." मग बशी उचलल्याचा आवाज. "पोहे चांगले झाले, पोरी. मी खाली टेम्पोपाशी बसतो."

दार लागलं.

मंदाकिनी पलंगावर तशीच पालथी होती, एक हात भिंतीच्या फटीत. तिला शाळेत छड्या मिळालेल्या, सासूने एकदा पाहुण्यांसमोर ताटावरून उठवलेलं, पण आज जे वाटत होतं ते तेव्हा वाटलं नव्हतं. कांताने तिचं खोटं उचलून, झटकून, नीट घडी घालून परत तिच्याच घरात ठेवलेलं. शिव्या देणारी सासू बरी होती. शिव्यांना निदान तोंड देता येतं.

ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली. हेमांगी बेसिनशी उभी होती, तिचे डोळे भरलेले. "आई, मला परत असं काही सांगू नका."

"नाही सांगणार," मंदाकिनी म्हणाली आणि घरातल्याच स्लिपरा घालून खाली उतरली. लिफ्ट असून जिन्याने. लिफ्टमध्ये आरसा आहे.

पार्किंगमध्ये टेम्पो उभा, ड्रायव्हर चहाला गेलेला. कांता सावलीला बाकड्यावर बसलेली. सरोज आणि आसावरी जवळ उभ्या होत्या, काहीतरी सारवासारव करत. मंदाकिनीला बघून आसावरी म्हणाली, "काकू, तुम्ही आलात पण खडवलीहून?"

"खडवलीला नव्हते," मंदाकिनी कांताकडे बघत म्हणाली. "आत होते. बेडरूममध्ये."

"मले माहीत हाय," कांता म्हणाली. "काऊन लपल्या?"

"तोंड नव्हतं दाखवायला."

"दिवाळीत त लय तोंड होतं."

सरोज फिसकन हसली आणि मंदाकिनीचा चेहरा बघून तिने पदर तोंडाला लावला.

"भाव पडल्याचं आमाले नाई कळत काय?" कांताचा आवाज आता चढला. "रेडिओ हाय, फोन हाय. बायका म्हणे, नको जाऊ, शहरातली माणसं घेणार नाईत. मी म्हटलं, असं असतं त बाईनं सांगतलं असतं. ती फुलं धाडून रायली, म्हणजे सगळं ठीक हाय. नाही म्हणायचं त नाही म्हणाच नं ताई! मी रिसोडलेच विकली असती. इथवर टेम्पो कायले आणला असता मी?"

मंदाकिनीने पोत्यावर हात ठेवला. शिवण हाताची होती, जाड दोऱ्याची, बारीक टाक्यांची. ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. घरोघरी जाऊ. मी शब्द दिलाय, मीच मागते."

"काय मागता?"

"चल तर."

आणि त्या दोघी दारोदार गेल्या. मंदाकिनी पुढे, कांता मागे. आता नकार समोर द्यायचा म्हणजे कुणालाही जड जातं. सरोजने न बोलता घेतली, नेहमीपेक्षा जास्तच. आसावरीने घेतली आणि पिशवी दाराशीच ठेवली, जिथे ती रद्दी ठेवते. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ पाकीट काढत म्हणाले, "किती द्यायचे असतात? गणपतीला देतो तेवढे चालतील?" डाळ त्यांना नकोच होती. पुढच्या दारात बाईने आत वळून हाक दिली, "अहो, त्या गावाकडच्या मदतीचे आलेत."

कांता जिन्यातच थांबली.

"बस झालं, ताई."

"अगं, अजून वरचे मजले राहिलेत."

"राहू द्या. मी माल विकाले आली. मदत मागाले नाई आली." ती खाली उतरायला लागली, आणि उतरता उतरता, मागे न बघता बोलली, "आमच्या सासूपेक्षा तुमीच बेकार निघाल्या. तिनं शिव्या देल्या, पण तिनं मले कोणाच्या दारात अशी उभी नाई केली."

मंदाकिनी जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. चांगलं करायला म्हणून ती बाहेर पडलेली, आणि चांगलं करतानाही तिने तेच केलं जे दिवाळीत केलेलं. कांताला न विचारता, कांताच्या वतीने, आपलं ओझं उतरवायला.

उरलेला माल कल्याणच्या बाजार समितीत न्यायचं ठरलं. मंदाकिनी टेम्पोत चढायला लागली.

"तुमी कायले?"

"येते."

"काही कामाचं नाई तुमचं तिथं."

"माहीत आहे. तरी येते."

ड्रायव्हर, कांता, मंदाकिनी, तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने. बाजारात एका व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, डाळ तळहातावर चोळली, एक दाणा चावला. "माल छान आहे. पण भाव बाहेरच्याचाच मिळेल हं. हा बघा." त्याने शेजारचं पोतं दाखवलं. त्यातली डाळ एकसारखी, चकचकीत होती, पोत्यावर परक्या लिपीतली अक्षरं.

मंदाकिनीचं तोंड सवयीने उघडलं. "अहो, ही बिनपॉलिशची आहे! हिची बरोबरी त्याच्याशी कशी करता तुम्ही?"

"आजी, मी कुठे करतो? गिऱ्हाईक करतं." तो काही वाईट माणूस नव्हता. "डोंबिवलीची गिऱ्हाइकं तर फोनवर भाव बघून मगच दुकानात शिरतात. तुम्ही कुठल्या?"

मंदाकिनीने तोंड मिटलं. कांताने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सौदा केला.

टेम्पो रिकामा झाल्यावर कांता बाजारात आत गेली आणि पामतेलाचे दोन डबे घेऊन आली. नणंदेच्या पोरीचं लग्न होतं गावात. डबे ठेवताना तिला मंदाकिनीची नजर दिसली.

"काय पाहून रायल्या? हे बी जहाजाचंच हाय. आमच्याकडं सोयाबीन पिकते, आन् तळणाले हे लागते. आमालेही स्वस्तच पायजे, ताई. आमी काय निराळे हाओ?"

हे ऐकून मंदाकिनीला एकदम हलकं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. म्हणजे सगळे सारखेच की, मग माझंच काय एवढं? आणि लगेच, ते हलकं वाटल्याचीच तिला इतकी लाज वाटली की ती दुसरीकडे बघायला लागली. पामतेल घेताना कांताने कुणाला शब्द दिला नव्हता. कुणाची ओटी भरली नव्हती.

निघताना मंदाकिनी म्हणाली, "कांता, पुढच्या वर्षी मी..."

कांताने हात वर केला. "नका. शब्द नका देऊ. डाळ झाली की मी फोन करीन. पायजे त पायजे म्हणा, नाई त नाई म्हणा." आणि मग आवाज जरा खाली आणून, "ऊन लागन. रिक्षा करून जा. चालत नका जाऊ."

त्यालाही वर्ष होत आलं. सरकारने मध्ये पिवळ्या वाटाण्यावर कर लावला म्हणे, तेलाचं काहीतरी खालीवर केलं. त्र्यंबकराव वाचून दाखवतात आणि आता मंदाकिनी हळू वाचा म्हणत नाही. सगळं ऐकते. ग्राहक गट तिने हेमांगीच्या हातात दिला. स्वतः मापायला बसते, तेही पाळी असेल तेव्हाच. सोसायटीत लोक म्हणतात, मंदाताई आता थकल्या. ती म्हणू देते.

यंदा तूर निघायच्या आधीच ती सगळ्या मजल्यांवर जाऊन आली. या वेळी एकटी. दार उघडलं की आधीच सांगायची, "नको असेल तर नको म्हण, मला राग नाही." आणि लोक खरंच नको म्हणाले. आसावरी म्हणाली, "काकू, मागची डाळ चांगली होती हं, खरंच. पण आम्ही दोघंच, लागते किती?" पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडलंच नाही. सरोज हो म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेली ऋतिका हो म्हणाली, तिला बाळाच्या वरणाला बिनपॉलिशची हवी होती. आणखी एक घर कसंबसं झालं.

कांताचा फोन आला तेव्हा मंदाकिनीने पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, डाळ झाली."

"कांता, चारच घरं आहेत. माझं धरून."

ते बोलताना तिला वाटलं, याच्यापेक्षा तहसील कचेरीवर माईकसमोर बोलणं कितीतरी सोपं होतं. एवढ्या मोठ्या इमारतीतली चार घरं. आणि त्यातलं एक आपलंच.

पलीकडे कुणीतरी मिल बंद केली असावी, खडखड थांबली.

"बरं," कांता म्हणाली. "चार घराची पार्सल करून एसटीनं धाडतो. कोणाले किती ते सांगा."

मंदाकिनीने सांगितलं. कांता लिहून घेत होती. मध्येच कुणाला तरी ओरडली, "अवो, थांबा नं, फोनवर हाय मी," आणि परत विचारलं, "सरोजताईले किती म्हणल्या?" लिहून झालं. तब्येतीची चौकशी झाली. ठेवतो म्हणून तिने फोन ठेवला.

त्र्यंबकरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणाली?"

"काही नाही. लिहून घेतलं."

चारच का, असं कांताने विचारलं नव्हतं. विचारेल म्हणून मंदाकिनीने कालपासून उत्तर तयार करून ठेवलेलं, खरं, लांबलचक उत्तर, प्रत्येक मजल्यासकट. ते तसंच तिच्यापाशी राहिलं. ती फोन ठेवून उठली आणि कुकर लावायला आत गेली.